गमबूट घालून शिकारीला

मी सदतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. शब्दाच्या अर्थाबद्दल शंका असेल तर विचारावं, अंदाजाने ठोकून देऊ नये, हे मी मुलांना इतक्या वेळा ऐकवलं की माझ्या निरोपसमारंभात एका माजी विद्यार्थ्याने त्याची नक्कल करून टाळ्या मिळवल्या. आमची ही पहिल्या रांगेत बसली होती. ती टाळ्या न वाजवता नुसती माझ्या पायांकडे बघत होती. त्याचं कारण त्या सभागृहात फक्त आम्हा दोघांना ठाऊक होतं. ते कारण म्हणजे गमबुटांचा एक जोड.

गोष्ट आमच्या लग्नाआधीची, पानशेतच्या पुरानंतर तीनचार वर्षांनी घडलेली. मी सदाशिव पेठेत आईबरोबर दोन खोल्यांत राहत होतो. ही आमच्याच शाळेत खालच्या वर्गांना शिकवायची आणि वारज्याहून सायकलने यायची. वारजे तेव्हा पुण्यात नव्हतं. कर्वे रोड संपला की पुणे संपायचं, मग नुसती शेतं आणि फुफाटा, आणि त्यानंतर कधीतरी वारजे. तिथे हिच्या वडिलांची ऊस-भाताची शेती होती. दोन वर्षांच्या ओळखीनंतर आम्ही लग्न करायचं ठरवलं. म्हणजे आमचं दोघांचं ठरलं; माझी आई आणि हिचे वडील यांचं काहीच ठरलेलं नव्हतं. आईने आपलं मत तीन शब्दांत दिलं होतं. "ती माणसं खातात." काय खातात, हे आमच्या पेठेत वेगळं सांगावं लागत नसे.

हिच्या वडिलांना सगळे दादा म्हणत. हिने घरी विषय काढल्यावर ते एवढंच म्हणाले, "मास्तर आपल्यात बसंल का?" मग आठ दिवस त्यांनी त्यावर तोंड उघडलं नाही. दादा नाही म्हणाले तर ही त्यांचा शब्द मोडणार नाही, हे तिने मला स्पष्ट सांगून ठेवलं होतं. त्यामुळे ते आठ दिवस मी वर्गात काय शिकवलं ते मला आठवत नाही. नवव्या दिवशी मधल्या सुट्टीत ही शिक्षकांच्या खोलीत आली आणि हळूच म्हणाली, "सर, दादांनी विचारलंय, रविवारी शिकारीला याल का?"

तेव्हा परवाना काढून शिकार करता येत असे. उसात रानडुकरं शिरतात आणि त्यांच्यासाठी दादांकडे बंदूक आहे, हे मला हिनेच कधीतरी सांगितलं होतं. मी तोपर्यंत ढेकूण सोडून कशाचीही शिकार केलेली नव्हती. पण परीक्षा घेणाऱ्याने कोणता प्रश्न विचारावा हे परीक्षार्थी ठरवू शकत नाही.

"येतो की," मी म्हणालो.

"नक्की ना? तुमच्या घरी हे चालणार नाही."

"घरी कळलं तरी चालेल."

"पहिल्यांदा जड जातं म्हणतात."

"जाऊ दे. सवय होईल."

"दादा म्हणालेत, जोर नाही."

"किती वाजता यायचं?"

"अकराला या. बारापर्यंत बसू."

बसू म्हणजे मचाणावर, असं मी धरून चाललो. तिचे डोळे भरून आले होते. माझ्या जिवाच्या काळजीने, असंही मी धरून चाललो, आणि छाती काढून पाचवी 'ब'च्या वर्गावर गेलो.

आमच्या खालच्या मजल्यावर जंगल खात्यातून निवृत्त झालेले एक हेडक्लार्क राहत. तीस वर्षं शिकारीचे परवाने त्यांच्या हाताखालून गेले होते. त्यांनी स्वतः कधी जिवंत रानडुक्कर पाहिलं नव्हतं, पण कागदावर पाहिलेली डुकरं असंख्य होती, आणि पेठेत तेवढं पुरत असे. मी संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो आणि विचारलं की बंदूक कशी धरतात.

"बंदूक त्यांची आहे, ते बघतील," ते म्हणाले. "तुमचं स्वतःचं काय आहे? पाय. उसाला पाणी दिलेलं असतं. खाली चिखल, चिखलात पाचट, पाचटात साप. चपला घालून गेलात तर डुकराला काही करायची गरजच पडणार नाही. गमबूट घ्या."

मग त्यांनी एका जुन्या छापील फॉर्मच्या मागे गमबुटांच्या अटी लिहून दिल्या. उंची गुडघ्याखाली चार बोटं. त्याहून कमी असेल तर पाणी आत येतं, जास्त असेल तर पळता येत नाही. रंग मातकट किंवा हिरवा. काळ्या बुटांवर ऊन चमकतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, चालताना आवाज येता कामा नये. या शेवटच्या अटीखाली त्यांनी लाल शाईने दोन रेघा ओढल्या. मी जाता जाता म्हणालो, अकरा वाजता बोलावलंय. 

"अकराला डुक्कर उसात गाढ झोपलेलं असतं," ते म्हणाले. "मुरलेली माणसं दिसतात."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी लक्ष्मी रोडवरच्या एका चपलांच्या दुकानात गेलो. शाळा सकाळची होती, त्यामुळे एक वाजायला आला होता, आणि पुण्यात त्या वेळेला दुकानात शिरणं म्हणजे मालकाच्या जेवणाच्या पाटावर बसण्यासारखं होतं. मी विचारलं, "गमबूट आहेत का?"

"आहेत."

"दाखवता?"

"कशाला हवेत?"

"शिकारीला."

मालकांनी माझ्या चष्म्याकडे पाहिलं, मग काखेतल्या वह्यांच्या गठ्ठ्याकडे पाहिलं. "पुराच्या आधी मागवले होते," ते म्हणाले. "पूर आला तेव्हा एकाने विचारलं नाही. दुकानात गुडघाभर पाणी आणि गमबूट माळ्यावर कोरडे. आता मार्च महिन्यात तुम्हाला हवेत." तरी त्यांनी शिडी लावून एक जोड खाली काढला. काळाकुळकुळीत, चकचकीत, आणि नऊ नंबरचा. सात नंबरचा आहे का, असं मी विचारलं.

"सात नंबरची माणसं शिकारीला जात नाहीत," ते म्हणाले आणि त्यांनी फळी लावायला घेतली.

हे वाक्य मला फार लागलं. घरी जाताना मी दुकानांच्या काचांत माझे पाय बघत गेलो. शेवटी शुक्रवारी हेडक्लार्कना बरोबर घेऊन बोहरी आळीत गेलो. तिथे बादल्या, पंप आणि दोरखंडांच्या मधोमध एका दुकानात छताला गमबूट टांगलेले होते. दुकानदार सज्जन होते. त्यांनी स्टूल दिलं आणि एकामागून एक जोड काढले. पहिला जोड रंगाला पसंत पडला, उंचीलाही पसंत पडला. मग हेडक्लार्क म्हणाले, "आता चाला."

मी भर आळीत गमबूट घालून चालू लागलो. ते माझ्या शेजारून कमरेत वाकून, एक कान माझ्या पोटरीला लावून चालत होते. दर पावलाला बुटातून फच्च असा आवाज येत होता. "डुक्कर अर्ध्या मैलावरून उठेल," ते म्हणाले. दुसरा जोड फच्च करत नव्हता, पण कुरकुरत होता. तिसऱ्या जोडापर्यंत बघ्यांची गर्दी जमली. एका हमालाने डोक्यावरचं पोतं खाली ठेवून, शेजारच्याला विचारलं की यांना काय झालंय. त्याने सांगितलं की मास्तरांच्या पायात काहीतरी वाजतंय, डॉक्टर तपासतायत.

चौथा जोड हिरवा होता, सात नंबरचा होता आणि मांजरासारखा मुका होता. मुका होता याचं कारण तो इतका घट्ट होता की आत हवेला जागाच नव्हती. दुकानदार म्हणाले, "घ्या, पण घालताना आत पावडर टाका. नाहीतर घाम आला की निघायचे नाहीत."

"पावडर अजिबात नाही," हेडक्लार्क कडाडले. "पावडरीचा वास डुकराला दोन शेतं पलीकडून येतो."

मी दोघांचंही ऐकलं आणि हेडक्लार्कचं मानलं. गमबुटांची निवड म्हणून आजही मला त्यात खोट काढता येत नाही. कागदावरच्या सगळ्या अटी त्या जोडाने पुऱ्या केल्या होत्या.

घरी आईने चामडं कधीच आत येऊ दिलं नसतं. रबराबद्दल मात्र तिचा नियम नव्हता, कारण तसा प्रसंगच कधी आला नव्हता. ते गळतात का हे बघायला मी मोरीत पाण्याने भरलेल्या घंगाळात बूट घालून उभा राहिलो होतो, तेवढ्यात आई आली.

"पाय धुवायचे तर बूट काढून धुतात," ती म्हणाली.

"शाळेची सहल आहे रविवारी."

"समुद्रातून?"

 त्यात पुन्हा नव्या रबराचा वास जावा म्हणून हेडक्लार्कनी सांगितल्याप्रमाणे मी बुटांना शेण फासलं आणि ते शनिवारी दिवसभर खिडकीत वाळवले. आई त्यावर मात्र काही बोलली नाही. आई बोलत नाही याची मला जास्त भीती वाटायची. रविवारी निघताना तिने माझ्या हातात पितळेचा डबा दिला. "बेसनाचे लाडू आहेत," ती म्हणाली. "भूक लागली की आपलं खा." 'आपलं' या शब्दावर तिने जेवढा जोर द्यायचा तेवढा दिला, म्हणजे सहल कुठे आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं.

मी खाकी पँट, ड्रिलमास्तरांकडून मागून आणलेली हॅट आणि हिरवे गमबूट अशा वेषात सायकलवर बसलो. पॅडलवर गमबूट ठरत नाहीत हे मला लकडी पुलापर्यंत कळलं. डेक्कनवर एका विद्यार्थ्याचे वडील भेटले. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. त्यांनी माझ्या पायांकडे बघून अतिशय काळजीने विचारलं, "सर, कुठे पाणी भरलंय?" मी हॅट खाली ओढली आणि पुढे निघालो. वारज्याला पोचेपर्यंत दोन्ही बुटांत घामाचं तळं साचलं होतं. गमबुटांत बाहेरचं पाणी आत येत नाही तसं आतलंही बाहेर जात नाही, ही गोष्ट कुठल्याच फॉर्मवर लिहिलेली नव्हती.

दादा अंगणात लिंबाखाली बाजेवर बसले होते. त्यांच्या शेजारी हिचे चुलते होते. दादांनी मला नखशिखान्त पाहिलं आणि नजर गमबुटांवर थांबवली.

"या मास्तर," ते म्हणाले. "नदीतनं आलात का?"

"नाही, रस्त्यानेच आलो."

"मग ह्ये?"

"शिकारीसाठी."

 दादांनी घराच्या मागच्या बाजूला हनुवटीने खूण केली. "शिकार चुलीवर हाय," ते म्हणाले. "शिजंल आता."

तिकडून भाजलेल्या खोबऱ्या-कांद्याचा वास येत होता आणि त्या वासात आणखी एक वास होता. तो कसला हे मला पेठेतल्या माणसालाही कळलं. हिच्या घरी, तिच्या गावात, मटणालाच शिकार म्हणत. ही शाळेत पुस्तकी मराठी बोलायची, पण तो निरोप घरचा होता म्हणून शब्दही घरचाच आला होता. पहिल्यांदा जड जातं. जोर नाही. बारापर्यंत बसू. प्रत्येक वाक्य आता माझ्या कानात नीट, त्याच्या खऱ्या अर्थाने वाजलं. दारात ही उभी होती. तिने माझे बूट पाहिले, हॅट पाहिली आणि कपाळावर हात मारून घेतला. सर खायला तयार आहेत, घरी कळलं तरी चालेल म्हणाले, असं तिने दादांना सांगितलं होतं, आणि त्या शब्दावर दादांनी बोकड कापला होता.

"म्हंजी तुमी रानात जायाला आलावता," दादा म्हणाले.

"हो."

"डुक्कर माराया."

"हो."

"आन मारून झाल्यावर? खानार कोन हुतं?"

या प्रश्नाचा मी खरोखरच विचार केला नव्हता. सगळा आठवडा मी बुटांच्या उंचीचा, रंगाचा, आवाजाचा विचार केला. मारलेल्या डुकराचं पुढे काय होतं हा विचार मला शिवला नव्हता. मारायला मी तयार होतो आणि जेवायला बसायला नव्हतो. भर उन्हात, हॅटखाली मला स्वतःची लाज वाटली. मला वाटलं, संपलं सगळं.

"मी कधी खाल्लेलं नाही," मी म्हणालो. "कधी बंदूकही धरलेली नाही. मला शब्द कळला नाही. तुम्ही बोलावलंत, म्हणून आलो."

 "बूट काढा," दादा म्हणाले. "हातपाय धुवा. जेवायची येळ झाली."

बूट निघेनात. मी ओढले, वाकून ओढले, बसून ओढले. मग चुलत्यांनी मला मागून काखेत धरलं आणि दादांनी समोरून टाच पकडली. दादा तरुणपणी तालमीत जात असत. त्यांनी एक हिसडा दिला, मोठा आवाज झाला आणि ते बूट हातात घेऊन अंगणात मागे बसले. जो आवाज होऊ नये म्हणून आम्ही बोहरी आळी पालथी घातली होती, तो सगळा साठवून त्या बुटाने एकदम काढला. दुसऱ्या बुटाच्या वेळी दादा आधीच खाली बसले. बुटातून घाम ओघळला, वर शेणाचा वास, आणि मोज्यांचा निळा रंग उतरून माझे पाय घोट्यापर्यंत निळे झाले होते. दाणे टिपणारी एक कोंबडी उठून लांब गेली.

चुलते हसून हसून बाजेवर आडवे झाले. दादा हसले नाहीत. त्यांनी रांजणातून तांब्या भरून घेतला, माझ्या पायांवर पाणी ओतलं आणि टाचेला लागलेलं शेण स्वतःच्या हाताने चोळून काढलं. मी पाय मागे घेत म्हणालो, "अहो, तुम्ही कशाला."

"ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले.

दारात जमलेल्या घरातल्या बायका एकदम गप्प झाल्या. चुलत्यांचंही हसू थांबलं. का, ते मला तेव्हा कळलं नाही. मी पाय निळे राहतात की काय या काळजीत होतो.

पंगतीत दादांनी मला आपल्या शेजारी बसवलं. सगळ्यांच्या ताटात लालभडक रस्सा आला. माझ्या ताटात भाकरी, कांदा आणि पिठलं. हिच्या आईने ते सकाळीच, वेगळ्या नव्या भांड्यात करून ठेवलं होतं. मी ताटाकडे बघत राहिलो.

"शिकारीला या म्हनलं हुतं," दादा म्हणाले. "खा कवा म्हनलं? आपल्यात बसता का, येवढंच बगायचं हुतं."

ते ऐकून मी ताट पुढे केलं आणि थोडा रस्सा मागितला. भाकरीचा तुकडा बुडवून खाल्ला. पुढची दहा मिनिटं मला उचकी लागली, डोळ्यांतून पाणी आलं, गूळ झाला, ताक झालं. चुलते म्हणाले, "मास्तरनं शिकार केली बगा." मी डोळे पुसत होतो, त्यामुळे त्यातलं तिखटाचं पाणी किती आणि दुसरं किती, हे कुणाला कळायचा प्रश्न नव्हता. जेवण झाल्यावर दादांनी डब्याकडे बोट करून हे काय म्हणून विचारलं. त्यांनी चार लाडू खाल्ले, उरलेले सगळ्यांना वाटले. कुणी केले म्हणून विचारलं, मी आईने म्हणून सांगितलं, तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली आणि डबा रिकामा परत द्यायचा नाही म्हणून त्यात नवा गूळ भरायला लावला.

बूट पुन्हा पायात जाणं शक्य नव्हतं. मी दादांच्या जुन्या वहाणा घालून घरी आलो. आईने दारात त्या वहाणा पाहिल्या, मग डबा उघडून गूळ पाहिला.

"तिथे जेवलास?"

"हो."

"काय?"

"पिठलं." मग खोटं बोलवेना म्हणून म्हणालो, "आणि एक घास रस्सा."

आईने यावर बराच वेळ डब्याचं झाकण पुसलं. "आणि माझे लाडू?"

"तिच्या वडिलांनी चार खाल्ले."

"बूट कुठे आहेत?"

"तिथेच राहिले."

"म्हणजे परत जावं लागणार," आई म्हणाली. "मग पुढच्या वेळी डबा मोठा देते."

वैशाखात आमचं लग्न झालं. ते गमबूट मला परत मिळाले नाहीत. दादांनी पुढचा भाग चिरून ते स्वतःच्या पायाला बसवले आणि उसाला पाणी देताना कित्येक वर्षं घातले. लग्नात आमची माणसं एका बाजूला आणि वारज्याची माणसं दुसऱ्या बाजूला, मधे भटजी. आई सकाळपासून पाठ ताठ करून बसली होती. भटजी म्हणाले, "आता वधूपित्याने जावयाचे पाय धुवावेत." तेव्हा कुठे मला त्या दिवशीच्या अंगणातला गप्पपणा कळला, आणि मी दादांकडे बघूच शकलो नाही.

दादा तांब्या घेऊन माझ्यासमोर बसले. माझ्या पायांकडे बघून, सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात भटजींना म्हणाले, "ह्ये येकदा धुतल्यात मी. पर त्या टायमाला लई घान हुते."

आईला हसू आवरेना. ती पदर तोंडाला लावून हसली, मग पदर बाजूला करून हसली, आणि उठून दादांच्या हातातल्या तांब्याला, पाणी नीट पडावं म्हणून, आपला हात लावून उभी राहिली.